कार्डातली जागा

कॅमेऱ्यातून बारीक आवाज आला आणि पडदा रिकामा झाला. मला आधी वाटलं ऊन फार आहे म्हणून दिसत नाही. डोक्यावरचा टॉवेल पुढे ओढून मी कॅमेऱ्यावर सावली धरली. तरी पडदा रिकामाच. समोर माझी नात समीक्षा गोल फिरणाऱ्या हत्तीवर बसून हात हलवत होती आणि दर फेरीला माझ्यासमोर आली की, आबाजी, इकडे, असं म्हणत होती. मी मागे जायचा बाण दाबला. मागचा फोटो यायला पाहिजे होता. आला नाही. पुन्हा दाबला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ती मला वाचता येत नव्हती, पण आजवर कधी ती आली नव्हती एवढं मला माहीत होतं. समूचा हत्ती परत आला. तिने हात हलवला. मीही हलवला.

झालं असं होतं. थोडं आधी कॅमेऱ्याने फोटो घेणं बंद केलं होतं. बटन दाबलं की लाल अक्षरं येत. अविनाशने सकाळीच सांगितलं होतं की आतलं कार्ड दुकानदाराने फुकट दिलेलं आहे, लहान आहे, भरलं तर मला आवाज द्या. पण अविनाश आणि सूनबाई पूनम पाण्याच्या घसरगुंड्यांकडे गेले होते आणि समूचा हत्ती सुटायला आला होता. अविनाशला एक खराब फोटो काढून टाकताना मी पाहिलं होतं. डब्याचं चित्र असलेलं एक बटन आहे. ते मी दाबलं. पडद्यावर दोन चित्रं आली. एकात एकच कागद होता, दुसऱ्यात एकावर एक रचलेले कागद. एक कागद म्हणजे एक फोटो जाणार, हे मला समजलं, आणि मला त्यातला एकही घालवायचा नव्हता. दुसरं चित्र पाहून वाटलं, हे रचायचं आहे. मी जन्मभर भाजी लावली. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजाराला न्यायचं कॅरेट भरलं, आता बसत नाही असं वाटलं की आम्ही सगळ्या जुड्या बाहेर काढतो, देठाला देठ लावून पुन्हा रचतो, आणि त्याच कॅरेटात आणखी जुड्या बसतात. नीट रचलं की जागा होते. डब्याचं चित्र त्या कागदांजवळही होतं, पण मी त्याला कॅरेटच समजलो. रचलेल्या कागदांवर बटन दाबलं. कॅमेऱ्याने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं.

त्या कार्डात अन्नपूर्णा होती. माझी बायको. दिवाळीला अविनाशने हा कॅमेरा घेतला आणि देऊळघाटला आमच्या मळ्यात आल्यावर दोन-चार दिवस तो तिच्या मागे मागेच होता. ती पाणी वळवते आहे, ती चुलीपाशी आहे, ती रागावली आहे. आणि एक लहानसा व्हिडिओ होता, बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधतानाचा. त्यात ती बोलते. दुसरीकडे कुठे तिचा आवाज नाही. आमच्याकडे फोन होता, पण त्यावर बोलायचं आणि ठेवायचं, एवढंच. पौषात तिला ताप आला. साधा ताप आहे असं सगळेच म्हणाले, मीही म्हणालो, आणि ती गेली. तेरवी झाल्यावर अविनाशने मला बुलढाण्याला त्याच्या घरी आणलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो मोटारीच्या शोरूमात जाई, पूनम शिवणाच्या क्लासला, समू शाळेत. मग घरात मी आणि कपाटातला कॅमेरा. कॅमेरा शिकायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला पाहायचं म्हणून मी शिकलो. वरचं बटन फिरवलं की चालू होतो, बाण दाबत मागे गेलं की ती येते, मधलं बटन दाबलं की ती बोलते. आवाज मी लहान ठेवायचो. जिन्यात चपला वाजल्या की बंद करून कपाटात ठेवायचो. अविनाशने ते फोटो एकदाही पाहिले नव्हते. एकदा मी विषय काढला तेव्हा म्हणाला, मी नाही पाहू शकत बाबा, राहू द्या त्यातच. म्हणून ते त्यातच राहिले. दुसरीकडे उतरवून ठेवायचे तर त्याला ते उघडावे लागले असते.

या पार्कात आम्ही कशाला आलो, तेही सांगतो. आमच्याकडे ज्याच्या घरी असं झालं तो माणूस आपणहून घराबाहेर पडत नाही. कोणाच्या दारात जात नाही, बाजारात बसत नाही. सोयऱ्याने येऊन त्याला न्यायचं, आपल्या घरी गोड खाऊ घालायचं, डोक्याला नवा टॉवेल बांधायचा, मग तो बाहेर निघाला असं धरतात. हा मान माझ्या साळ्याचा, देवानंदचा. तो जळगाव जामोदला असतो. पण त्याचा पाय मोडलेला, मांडीपर्यंत पलस्तर. महिने गेले तरी मी घरातच. शेवटी अविनाश म्हणाला की मीच काढतो तुम्हाला बाहेर. देवानंदला फोन लावला तर तो म्हणाला, पोरानं काढलं काय न म्या काढलं काय, भाऊजी, निघनं महत्त्वाचं. कुठे जायचं ते समूने ठरवलं. तिची आजी तिला म्हणाली होती म्हणे, की हायवेवर नांदुऱ्याच्या पुढे मोठा पार्क झाला आहे, उन्हाळ्यात जाऊ. मला अन्नपूर्णाने तसं कधी सांगितलं नव्हतं. राजूर घाट उतरून आम्ही आलो. पार्काच्या फाटकावर, जिथे पिशव्या तपासतात, तिथेच अविनाशने माझ्या डोक्याला नवा टॉवेल बांधला आणि पूनमने मला पेढा भरवला. मागची रांग थांबली. तपासणाऱ्या माणसाला वाटलं माझा वाढदिवस आहे. त्याने मला शुभेच्छा दिल्या आणि आमचा पुऱ्यांचा डबा काढून घेतला, घरचं खाणं आत चालत नाही म्हणून. अविनाश हसला. पौषापासून त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्याने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. तुम्ही काही पाळण्यात बसणार नाही बाबा, तुम्ही फोटो काढा.

समू हत्तीवरून उतरून पळत आली. दाखवा, म्हणाली. मी म्हणालो, उन्हात दिसत नाही, मागाहून पाहू. ती दुसऱ्या झुल्याकडे पळाली. मी तिच्या मागे गेलो आणि फोटो काढायला लागलो. हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यातूनच झालं. त्या वेळी डोक्यात एकच होतं, की अविनाशने कॅमेरा हातात घेतला तर त्याला तो रिकामा दिसता कामा नये. भाजी निघाली की आम्ही वाफा रिकामा ठेवत नाही, त्याच आठवड्यात दुसरं काही टाकतो. मी तसंच केलं. समूचे काढले, झुल्यांचे काढले, खांबांचे काढले, सिमेंटच्या जिराफाचे काढले, ओळखीपाळखी नसलेल्या लोकांचे काढले. बटन अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन येऊन टिक वाजेपर्यंत थांबायचं, मग पूर्ण दाबायचं. अविनाशने शिकवलेलं मी एकदाही चुकलो नाही. माझा हात इतका स्थिर होता की मलाच नवल वाटलं. एका बाईने विचारलं, काका, तुम्ही इथले फोटोवाले काय हो? मी हो म्हणालो आणि तिच्या मुलांचाही काढला.

मग जेवायला बसलो. पत्र्याखाली पंखे लावले होते, ते गरम हवा टाकत होते. पूनमने थाळ्या आणल्या. भाजी गोड होती. समू सांगत होती की ती आता उंचावरच्या गाडीत एकटी बसणार. मी भाजीत बोट फिरवत अविनाशला सहज विचारावं तसं विचारलं, की यातले फोटो चुकून पुसले गेले तर गेलेच का.

"नाई बाबा, येते वापस," अविनाश म्हणाला. "आमच्या शोरूमातल्या गणेशनं साळ्याच्या लग्नाचं अख्खं कार्ड पुसलं होतं. दुकानात नेलं, सगळं आलं. फक्त पुसल्यावर त्याच्यात नवीन काढाचं नाई."

"काऊन?"

"नवीन फोटो जुन्याच्याच जागेवर बसते ना. ज्याच्यावर बसला थो गेला. मंग कोणीच नाई आणू शकत. काऊन, पुसला काय एखादा?"

"नाई बे. इचारलं."

पूनम म्हणाली, बाबा आता पक्के फोटोग्राफर झाले, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला हरकत नाही. समू म्हणाली, आबाजी नवरीचं डोकं कापतील. सगळे हसले. मीही हसलो. मी पाणी प्यायलो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, हे कोणालाही कळेल. मलाही कळत होतं. पण अविनाश थाळीतली पुरी मोडून समूच्या तोंडात घालत होता, त्याच्या शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या आणि केस लहानपणी विहिरीवरून यायचा तसे कपाळाला चिकटले होते. मी मनाशी ठरवलं, घरी गेल्यावर सांगू. तोपर्यंत यात एकही नवा फोटो जायला नको. जे उरलं असेल ते उरेल.

जेवणानंतर मी कॅमेरा दोन्ही हातांनी धरून हिंडत होतो. डोक्यात हिशेब चालू होता, पण तो धड होत नव्हता. कॅरेटात पहिली जुडी तळाशी जाते. कार्डात अन्नपूर्णा पहिली होती, म्हणजे ती तळाशी. नवे फोटो वरून बसत असतील तर ती वाचली. पण कार्ड तर पूर्ण रिकामं झालं होतं. रिकाम्या कॅरेटात पहिली जुडी तळाशीच जाते. मग पहिला झुला कोणावर बसला? पाणी वळवतानाच्या फोटोवर? जिराफ कोणावर? आणि त्या बाईची मुलं, ज्यांचं नावही मला माहीत नाही, ती माझ्या बायकोच्या कोणत्या जागेवर जाऊन उभी राहिली? व्हिडिओ मोठा असतो असं अविनाश कधीतरी म्हणाला होता. मोठा म्हणजे त्याला जागा जास्त लागत असणार, म्हणजे त्याच्यावर कोणीतरी बसलं असणारच. अर्धा तरी राहिला असेल. अर्धा कोणता? ती मान खाली घालून जुडी बांधते तो, की वर पाहते तो? मला वर पाहते तो पाहिजे होता. मी चालता चालता थांबलो आणि लोक मला धक्के देत पुढे गेले.

समू म्हणायची, आबाजी, माझा काढा. मी कॅमेरा डोळ्याला लावायचो आणि बटन अर्धंच दाबायचो. टिक वाजायचं. तिला वाटायचं निघाला. ती हात कमरेवर ठेवायची, जीभ काढायची, दोन बोटं दाखवायची, आणि मी टिक वाजवायचो. ती उंचावरच्या गाडीत खरंच एकटी बसली. वर जाताना तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तिने मी कुठे आहे ते शोधलं, माझ्याकडे पाहून हसली. मी टिक वाजवलं. उतरल्यावर ती थरथरत होती. आला ना, आबाजी? मी म्हणालो, आला. पूनमने एकदा कॅमेरा मागितला. बॅटरी कमी आहे, शेवटासाठी राखून ठेवली आहे, असं मी सांगितलं. इतकं खोटं मी एका दिवसात कधी बोललो नव्हतो. आणि ते इतकं सोपं जात होतं.

नंतर एका झाडाखाली बसलो. डोळे मिटले आणि तिला आठवायला लागलो. मला वाटलं होतं, कार्ड गेलं तर गेलं, चाळीस वर्षं मी या बाईबरोबर राहिलो आहे, माझ्याजवळ ती असेलच. ती आली, पण कॅमेऱ्यातली आली. चारही बाजूंनी कापलेली. डोक्याच्या वर कोपऱ्यात बॅटरीची खूण, खाली अविनाशच्या अंगठ्याची काळी सावली. मी म्हटलं, ही नको. बुलढाण्याच्या रविवारच्या बाजारात गोणपाटावर माझ्या शेजारी बसायची ती आठव. गोणपाट आठवलं. तराजू आठवला. तिचा हात आठवला, भाजीवर पाणी शिंपडताना, बोटांना मेथीचा वास. पाय आठवले. टाचांच्या भेगा, त्यात ती मेण वितळवून भरायची, आणि भरताना तोंडाने सू असं करायची. त्या तोंडापर्यंत गेलो की पुन्हा कॅमेऱ्यातलं तोंड. लग्नातली आठवून पाहिली. अविनाश झाला तेव्हाची. देऊळघाटच्या घराचं दार उघडून उभी असलेली. दार उघडायचं, लुगड्याचा काठ दिसायचा, आणि वर पाहावं तर चौकोन. रोज दुपारी तो पडदा पाहून पाहून मी बाकीचं सगळं घालवून बसलो होतो. मला कळलंच नव्हतं. पडद्यावर ती होती, म्हणून दुसरीकडे शोधायचं मी सोडून दिलं होतं. जवळच कुठेतरी भोंग्यावर गाणं चालू होतं आणि पाण्यात पडणाऱ्या पोरांच्या किंकाळ्या येत होत्या. मी जोरात डोळे मिटून घेतले. लाल दिसलं, मग काळं. आणि थोड्या वेळाने कॅमेऱ्यातलीही पुसट व्हायला लागली. मी घाबरून डोळे उघडले.

निघायची वेळ झाली. फाटकाच्या आत कारंजं आहे, त्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. पूनमने समूचे केस विंचरले. मी कॅमेरा डोळ्याला लावणार होतो, टिक वाजवून मोकळा होणार होतो. अविनाश म्हणाला, तुम्ही कुठी चालले बाबा? तुमचा आज एकबी नाही निघाला. तुम्ही उभे राहा. त्याने कॅमेरा माझ्या गळ्यातून काढला. मी पट्टा धरून ठेवला होता, त्याने तो हळूच सोडवला, जशी म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काठी घेतात. कारंज्यासमोरच्या चौथऱ्यावर त्याने कॅमेरा ठेवला, काहीतरी फिरवलं, बटन दाबलं आणि पळत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक लहान लाल दिवा लागायला आणि विझायला लागला. आता आपोआप निघते, अविनाश म्हणाला, हलू नका. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. समू माझा हात धरून होती. दिवा लागत होता, विझत होता. मग तो भरभर लागायला लागला.

मी समूचा हात झटकला आणि धावलो. माझं वय धावायचं नाही. टॉवेल सुटून मागे पडला. चौथऱ्याला गुडघा आपटला. मी कॅमेरा उचलला, उलटा केला, खालचं झाकण उघडलं, बॅटरीच्या शेजारचं ते कार्ड नखाने दाबून बाहेर काढलं आणि मुठीत घेतलं. कॅमेरा हातात असतानाच त्याचा काटकन आवाज झाला.

समू कारंज्यासमोर तशीच दोन बोटं दाखवत उभी होती. पूनम तिला जवळ घेऊन उभी होती. अविनाश माझ्याकडे आला. त्याला वाटलं मला चक्कर आली. तो माझा दंड धरून म्हणाला, काय झालं बाबा, बसा, पाणी आणू काय. मी मान हलवली. मग सांगितलं. रचलेल्या कागदांचं सांगितलं, कॅरेटाचं सांगितलं. माझंच बोलणं मला दुरून ऐकू येत होतं.

"कवा?" त्याने विचारलं.

"सकाळी. हत्तीपाशी."

"मंग त्याच्यानंतर काढले?"

"जेवणावरी काढले. लई काढले. तू सांगतलं तवापासून नाई काढले."

तो चौथऱ्यावर बसला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने हात पुढे केला, कार्डासाठी. माझी मूठ घामाने भिजली होती. पाण्याने ते खराब होतं का, हे मला माहीत नव्हतं, पण मूठ उघडत नव्हती. बोटं माझी होती, मी त्यांना उघडा म्हणत होतो.

"त्याच्यात माय बोलली होती ना?" अविनाश खाली पाहत म्हणाला. "मेथीपाशी. मी एकडाव पाह्यलं नाई. काय म्हणली होती थे?"

मला ते पाठ होतं. रोज ऐकलेलं. मी तिच्यासारखंच बोलायला लागलो, तिच्यासारखं तोंड खाली घालून.

"मले काऊन काढून राह्यला बे? काढाचंच असन तं त्या मेथीले काढ. थे उद्या विकली जाईन. मी तं..."

आणि मी थांबलो. पुढे होतं. पुढे ती वर पाहते आणि बरंच बोलते, जुडी बांधून होईपर्यंत बोलते. तिचे ओठ हलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मी तं. तिथेच थांबलो. पूनम समूला घेऊन जवळ आली होती. अविनाशने वर पाहिलं.

"मंग?" तो म्हणाला. "मंग काय म्हणली?"

"तू होता ना तिथी," मी म्हणालो. "तुले म्हणली थे. तू सांग."

अविनाशने माझ्या दुसऱ्या हातातला कॅमेरा काढून मांडीवर घेतला.

"मी पडद्यावर पाहून राह्यलो होतो बाबा," तो म्हणाला. "थे हलून राह्यली होती, तं थे बरोबर मधात येते का, थेच पाहत होतो. आयकलं नाई म्या."